हुडीला कोथिंबिरीचा वास

थ्रिलर म्हणजे आधी पाय, चेहरा शेवटी,
सरांनी फळ्यावर लिहिलं होतं.
दोन मिनिटं. संवाद नकोत. उजेड एकाच बाजूने.
आणि एक मुलगी, एकटी.

मुलगी मी.
बाकी दोघींना नऊनंतर घरून परवानगी नव्हती.
मलाही नव्हती, मी विचारलंच नव्हतं.

मारेकरी तौहीद.
"तुझी उंची चांगली आहे," ओजस म्हणाला.
पार्थ गायधनी त्याच्याहून चार बोटं उंच,
शेजारीच उभा, हातात माइकची काठी धरून.
कोणी काही बोललं नाही.
तौहीदने एवढंच विचारलं, पात्राचं नाव काय?
"नाव नको रे. अनोळखी माणूस.
नाव दिलं की भीती जाते."

इंदिरानगरचा बोगदा, रात्रीचे साडेअकरा.
डोक्यावर हायवे गुरगुरतोय, फुकटचं पार्श्वसंगीत.
भूषणने बिसलेरीच्या बाटल्या ओतून
डांबर चकाकतं केलं,
मग प्यायला पाणी कुणालाच उरलं नाही.

चाल. थांब. वळून बघ.
सात टेक झाले.
"घाबरल्यासारखी वाटत नाहीयेस."
आता याला काय सांगू,
आम्ही वळून बघत नाही.
आम्ही बंद फोन कानाला लावतो,
"हो पप्पा, आलेच, चौकात आहे" म्हणतो,
गाडीची किल्ली बोटांच्या बेचक्यात धरतो
आणि मुद्दाम भरभर चालत नाही,
त्याला कळू नये म्हणून.
क्लासपासून त्रिमूर्ती चौकापर्यंत
मी हे तीन वर्षं करतेय, एकाही रीटेकशिवाय.
कॅमेऱ्याला ते दिसलं नसतं.
आठव्या टेकला वळले, डोळे मोठे केले.
सगळे खूश.

हुडी तौहीदच्या भावाची, काळी, कोपरावर विरलेली.
शेवटच्या शॉटला तो अगदी मानेपाशी आला
तेव्हा कळलं, हिला कोथिंबिरीचा वास येतोय.
ओल्या, ताज्या, मुळांच्या मातीसकट.
भाऊ रात्री मार्केट यार्डात
मुंबईच्या गाडीत जुड्या भरतो,
थंडीत हीच घालतो.
मी किंचाळायचं होतं.
मला कडकडून भूक लागली.
"कट! हसतेस काय?"

त्या रात्री मला घरी सोडलं मारेकऱ्यानेच.
सिडकोत आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवली,
हुडी काढून डिकीत ठेवली,
आमच्या जिन्यातला दिवा लागेपर्यंत
लांबच उभा राहिला.
कोणी बघू नये म्हणून.
माझ्यासाठी की त्याच्यासाठी,
तेही आम्ही बोललो नाही.

जर्नलमध्ये प्रश्न चौथा:
तुमच्या कलाकृतीत कोणते समाजघटक
कशा प्रकारे दिसतात?
शंभर शब्दांत.
ओजसने सगळ्यांसाठी एकच उत्तर लिहून पाठवलं,
"तरुण स्त्री असुरक्षित दाखवली आहे.
पुरुष गूढ आहे. हुडी हे भीतीचे चिन्ह आहे."
मी उतरवून काढलं.
चिन्ह आहे, इथे पेन जरा थांबलं.
मग पूर्णविराम दिला, सबमिशन दुसऱ्या दिवशी होतं.

दाखवायच्या दिवशी घरचेही आले.
हॉलमध्ये अंधार, पडद्यावर बूट,
ओलं डांबर, एक पाऊल, दुसरं.
पहिल्या रांगेतल्या काकूंनी
पर्स पोटाशी घट्ट धरली.
चेहरा यायला अजून सव्वा मिनिट होतं.

आणि मागून कुणीतरी आनंदाने, चांगलं मोठ्याने,
"अरे, ये तो अपना तौहीद!
देखो ना, डावा पाय बाहेर टाकतो,
चालायला लागला तेव्हापासून!"

अख्खा हॉल हसला.
ओजसने कपाळावर हात मारला.
तौहीद खुर्चीत खाली खाली सरकत गेला,
कान लाल.
पडद्यावरची मी वळून बघत होते, डोळे मोठे करून,
आणि माझ्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

सरांनी दोन गुण कापले.
शेरा: तणाव टिकत नाही.